भिंतीतलं कपाट

पंपघर क्वार्टर्स,
४ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

मायना लिहितानाच माझा एक कागद वाया गेला. तुम्ही माझ्या आई नाही, सासूबाई नाही, मावशी-आत्याही नाही. मुलं तुम्हाला आजी म्हणतात, पण मी आजी म्हटलं तर तुम्हाला आवडेल की नाही कोण जाणे. म्हणून आई लिहिलं. चालत नसेल तर तेवढं खोडून पुढे वाचा. मागे मी फोन केला होता, तेव्हा माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिलात. त्याबद्दल तक्रार नाही. लेकीच्या घरून दुसरीच बाई बोलायला लागली तर मीही ठेवला असता.

पत्राचं कारण असं की हे घर आता सोडायचंय. पंप यापुढे आपोआप चालणार, मग पंपचालकाने पंपाच्या उशाशी राहायचं कशाला, असं पाणी खात्याचं म्हणणं. क्वार्टर्स पाडणार आहेत. ह्यांची नोकरी राहिली, फक्त गावाच्या दुसऱ्या टोकाच्या टाकीवर बदली झाली. तिथे जवळच भाड्याने दोन खोल्या मिळाल्यात, तिसऱ्या मजल्यावर. आवराआवर सुरू आहे. म्हणजे मी आवरतेय. ह्यांनी आतापर्यंत पाने-पकडींची पेटी भरली, उपसली आणि पुन्हा भरली. गुंड्या प्रत्येक रिकाम्या खोक्यात बसून बघतो आणि हे माझं घर म्हणतो. चार वर्षांच्या माणसाला घर मिळणं किती सोपं असतं.

अडलंय ते आतल्या खोलीतल्या कपाटापाशी. भिंतीतच खण काढून त्याला हिरवी दारं लावलेली आहेत, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यात ठकी-गुंड्याच्या आईचे कपडे आहेत, होते तसेच. मला या घरात येऊन वर्ष होईल, पण मी त्यातली एक घडी हलवली नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, देऊन टाक कुणालातरी, आणि पायात चपला सरकवून बाहेर निघून गेले. पण जे माझं नाही ते मी कसं देऊन टाकू? तुम्ही सांगाल तसं करीन.

आणखी एक. हे ह्यांनाही माहीत नाही. ठकी शाळेतून आली की दप्तर टाकते, त्या कपाटात शिरते आणि दार आतून ओढून घेते. कपड्यांत तोंड खुपसून उभी राहते. मग बाहेर येते, हातपाय धुते आणि खायला मागते. मी घरी शिवणकाम करते. ती आत असते तोवर मी मशीन जोरात चालवते, म्हणजे मला काही कळत नाही असं तिला वाटावं. आई, कपडे बांधून नेता येतील. भिंत कशी बांधून नेऊ?

तब्येतीला जपा. राग असला तरी दोन ओळी लिहा.

आपली,
(इथे काय लिहावं ते सुचत नाही)


१० मार्च

अनोळखी माणसाला आशीर्वाद द्यायची मला सवय नाही, म्हणून मायना नाही.

पत्र पोचलं. अक्षर नीट आहे. सूनबाईचं म्हणणं पडलं की उत्तर लिहूच नये. तिचं सगळं ऐकलं असतं तर मी नुसती खुर्चीत बसून राहिले असते.

तुमच्या लग्नाला मी आले नाही. तू काही माझं घोडं मारलं नव्हतंस. पण बेबीला जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जावयाला दोन पोरं सांभाळून पाळ्या करणं जमत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

कपडे सगळे माझ्याकडे पाठव. धुऊ नकोस, इस्त्री फिरवू नकोस, कशाला डाग असेल तर तोही राहू दे. निळा स्वेटर आहे का ते बघ. त्याची कोपरं मी पुन्हा विणून दिली होती.

ठकीचं वाचलं आणि पुढ्यातलं ताट तसंच राहिलं. बेबी दवाखान्यात होती तेव्हा दोन्ही पोरं इथे माझ्याकडे होती. माझ्या मुलाने, म्हणजे त्यांच्या मामाने, ठकीला अंगणात गाठून सांगितलं की आई गेली. ती दोरीवर उड्या मारत होती. बरं म्हणाली आणि उड्या मारत राहिली. तेव्हापासून कुणी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही. सगळे म्हणाले, पोर मोठी समजूतदार. मीही म्हटलं. आता वाटतं, समजूतदार म्हटलं की आपलं काम संपतं, म्हणून म्हणतो आपण.

कपडे लवकर पाठव.

बेबीची आई


पंपघर क्वार्टर्स,
२१ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही रागावून का होईना पण लिहिलंत, बरं वाटलं. कपडे जुन्या चादरीत बांधून पार्सल केलेत. निळा स्वेटर सगळ्यात वर आहे. काहीही धुतलेलं नाही.

ठकी शाळेत असताना मी ते काढले, हे माझं चुकलं. वाटलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत नको. ती आली, कपाट उघडलं, रिकामं पाहिलं. आत शिरली आणि दार ओढून घेतलं. नुसत्या फळ्यांना चिकटून ती काय करत असेल, या विचाराने मला त्या दिवशी मशीनसुद्धा चालवता येईना.

दुसऱ्या दिवशी खात्याचा मुकादम भिंती मोजायला आला. ठकी आतच होती. त्याला काय ठाऊक, त्याने दार उघडलं आणि, बाहेर ये बाळ, म्हणून एकदम हात पुढे केला. ठकी त्याच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं. बिचारा भला माणूस, मलाच म्हणाला की राहू द्या, माझ्याही घरी असंच एक आहे. पण हे तेवढ्यात पाळीवरून आले. ह्यांनी ठकीवर हात उगारला. आजवर कधीच उगारला नव्हता, आई, आणि या वेळी नुसता उगारून थांबले नाहीत. मग स्वतःच बाहेर पंपाच्या चौथऱ्यावर जाऊन बसले, ते जेवायलाही आले नाहीत.

मी ठकीच्या गालाला पाणी लावायला गेले. तिने मला सांगितलं, तू या घरात आलीस म्हणून घर पडतंय. अगदी शांतपणे सांगितलं, उद्या शाळेला सुट्टी आहे असं सांगावं तसं.

मला राग आला नाही. वाईट वाटलं, ते असं की तिचा हिशेब तिच्या परीने बरोबरच होता. आई गेली, मग मी आले, मग घर चाललं.

सामान हलवायचे चार दिवस तिला तुमच्याकडे ठेवता येईल का? विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून कागदावर विचारते.

लोभ आहे असं अजून म्हणवत नाही, असावा एवढंच.

आपली,
ठकी-गुंड्याच्या घरची


२५ मार्च

अ. आ. (हे तुला. घे आता.)

पार्सल मिळालं. खोलीचं दार लावून मी ते उघडलं. जास्त लिहीत नाही.

जावयाला माझा निरोप सांग की माझ्या बेबीच्या लेकरावर पुन्हा हात पडला तर मी काठी टेकत तिथवर येईन आणि त्याच काठीचा उपयोग करीन.

ठकीला पाठव. पण चार दिवसांसाठी नको, कायमची पाठव. इथे घर मोठं आहे, शाळा कोपऱ्यावर आहे, मामा आहे, मी आहे. पोर तुझ्याकडे बघतही नाही, तू तरी किती दिवस दगडावर डोकं आपटशील? गुंड्या लहान आहे, तो तुझा होईल. शिवाय उद्या तुला तुझं होईलच. तेव्हा ठकी कुठे मावायची त्या दोन खोल्यांत? तू मनाला लावून घ्यावंस म्हणून लिहीत नाही, जे दिसतं ते लिहिते.

तू शिवतेस म्हणालीस ना, तर तिची मापं नीट घेऊन पाठव. उंची, खांदा, बाही, सगळी.

बेबीची आई


नवीन पत्ता मागे लिहिला आहे.
६ एप्रिल

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

ठकी एव्हाना तुमच्याकडे रुळली असेल. तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि तिलाच विचारलं, आजीकडे राहायला जाशील का. ती लगेच हो म्हणाली. आपली पिशवी आपणच भरली. एरवी तिला वेणी घालायला बसवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं, पण त्या दिवशी माझ्यासमोर पाठ करून मुकाट बसून राहिली. जाताना गुंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला येते म्हणाली नाही. जाते म्हणाली.

हे तिला तुमच्या दारात सोडून त्याच पावली परत आले. तुम्ही जेवायला थांबवत होतात, तरी थांबले नाहीत म्हणे. त्यांना तुमच्याकडे बघवत नाही. गैरसमज नसावा.

आम्ही इथे आलो. जिना इतका अरुंद आहे की पलंग गच्चीवरून दोर लावून ओढून घ्यावा लागला. खोल्या स्वच्छ आहेत, खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे इथे आवाज नाही. पंपाची घरघर आम्हाला कधी ऐकूच यायची नाही, आता ती नाही, हे मात्र ऐकू येतं. जेवताना बोलणं थांबलं की सगळे मान वर करतात, काहीतरी बंद पडल्यासारखं.

तुम्ही लिहिलंत, उद्या तुला तुझं होईलच. होणार नाही, आई. ते मला आणि ह्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे. माझा पहिला संसार त्यापायीच मोडला. दोन मुलं असलेलं घर म्हणून मी इथे आनंदाने आले होते. तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. जे आहे ते लिहिते, तुमच्यासारखंच.

ठकीची मापं सोबतच्या चिठ्ठीत आहेत. काही शिवून घेणार असाल तर शिलाईत दोन बोटं कापड जास्त सोडायला सांगा. सध्या झपाट्याने वाढतेय.

आपली,
गुंड्याच्या घरची


१५ मे

अ. उ. आ.

मुलाबाबतचं वाचलं. न बघता काठी फिरवली की कुणाला लागेल सांगता येत नाही. यापुढे जपून लिहीन.

ठकीची काळजी करू नकोस. तुझी चावरी पोर इथे गोगलगाय झालीय. पहिले काही दिवस घुम्यासारखी बसायची. आता माझ्या मागे-मागे असते. आई लहानपणी कशी होती, कुठे बसायची, काय खायची नाही, सारखं विचारत असते. मला तरी दुसरं काय हवंय? सांगत बसते. बेबीच्या अंगावरच्या दोन कपड्यांचे इथल्या शिंप्याकडून तिला फ्रॉक करून घेतले. जास्तीचं कापड मात्र सोडलं नाही. अंगाबरोबर बसवले, बेबीला तसंच आवडायचं. केसही तसेच आखूड कापून घेतले. परवा शेजारीण दारात थबकलीच. म्हणाली, क्षणभर छातीत धस्स झालं.

हसली की तोंडावर आडवा हात धरते, हुबेहूब. रक्तातच येतं ते. सूनबाईच्या मते रक्तात नाही, ती मला विचारून-विचारून करते. सूनबाईला सगळ्यातच खोट दिसते.

खरं सांगू? दोन वर्षांनी मला सकाळी उठावंसं वाटतंय. जूनमध्ये तिचं नाव इथल्या शाळेत घालते. तिकडच्या शाळेचा दाखला जावयाला काढून पाठवायला सांग.

बेबीची आई


२ जून

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. दाखला ह्यांनी आणलाय, सोबत पाठवते. आधी वाटलं होतं की पाठवू नये. मी ठकीला बरीच कार्डं टाकली, गुंड्याने काढलेली चित्रंही पाठवली, तिची एक ओळ आली नाही. तिने एकदा मला शिवी जरी लिहून पाठवली असती तरी मी निश्चिंत झाले असते. ती तिकडे गोगलगाय झाली, हे वाचून मला झोंबलं म्हणा, किंवा भीती वाटली म्हणा. चावणारी ठकी मला ओळखीची आहे. ही नाही.

पण माझा हक्क किती, तेही मला कळतं. हे म्हणाले, ती सुखात आहे ना, मग राहू दे. म्हणून दाखला पाठवतेय.

मागच्या आठवड्यात कामासाठी त्या बाजूला गेले होते. क्वार्टर्स निम्म्या पाडून झाल्यात. छप्पर नाही, पुढची भिंत नाही, आणि आतल्या खोलीची भिंत अजून तशीच उभी. कपाटाची दारं कुणीतरी काढून नेलीत. आतला हिरवा रंग भर उन्हात उघडा पडला होता, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा. एक मजूर त्यात डबा ठेवून जेवत होता. मी पुढे बघून चालत राहिले. घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

गुंड्या बरा आहे. रोज विचारतो, ठकी कुणाची आहे. मी म्हणते, आपली. मग तो पुढचं विचारायच्या आत त्याला काहीतरी खायला देते.

लोभ तुमच्याकडे थोडा आहे असं आता वाटतं. तो राहू द्या.

आपली,
मुलांच्या घरची


२९ जून

चि. मुलीस,
अ. उ. आ.



काल शाळेतल्या बाई घरी आल्या. दाखल्यावर एक नाव आणि मुलगी सांगते दुसरंच, हे काय, म्हणून विचारायला. शाळा उघडल्यापासून ठकी वर्गात स्वतःचं नाव बेबी म्हणून सांगतेय. ठकी हे जसं घरचं लाडाचं नाव, तसंच बेबीही असेल म्हणून बाई आधी गप्प बसल्या. पण दाखल्यावरच्या नावाने हाक मारली की ती बाकावरून हलत नाही. वळूनसुद्धा बघत नाही.

बाईंसमोर मी हसण्यावारी नेलं. पण मला ठाऊक होतं, मुली. महिन्याभरापूर्वी मी परसात वाळवण काढत होते. वारा सुटला, कपडे उडायला लागले आणि माझ्या तोंडून हाक गेली, बेबी. आतून ओ आली. ती धावत आली आणि तिने दोरीवरचे कपडे गोळा केले. मी चूक सुधारली नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तशीच हाक मारली. ती आली. मग मी तीच हाक मारत राहिले. सूनबाईने तोंडावर सांगितलं की तुम्ही लेकीला परत आणत नाही, नातीला घालवताय. मी तिच्याशी बोलणं टाकलं.

काल बाई गेल्यावर मी ठकीला जवळ बसवलं. असं का केलंस विचारलं. कितीतरी वेळ फ्रॉकचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, आजी, तू आधी रोज रडायचीस. मी बेबीसारखी बसले, बेबीसारखी हसले की रडायचं थांबायचीस. म्हणून मी तसं करते. मला जमतं, म्हणाली. फक्त कधीकधी विसरायला होतं, तेव्हा तू माझ्यावर रागावू नकोस.

मी रागावले होते का कधी? रागावलेच असणार. बेबी अशी चालायची नाही, बेबी असं म्हणायची नाही, हे मी दिवसभर म्हणत होते.

मी लेकराला दुःखातून काढायला आणलं आणि माझं दुःख तिच्या अंगावर बेतून, शिवून घातलं. जराही कापड सोडलं नाही.

ये आणि तिला घेऊन जा. जावयाला पाठवू नकोस, तू ये. मला तुला बघायचंय.

तुझी,
आई


१४ जुलै

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही दारात उभ्या राहून माझा चेहरा किती वेळ बघत होतात, ते आठवतं. मी बेबीताईंसारखी अजिबात दिसत नाही, याने तुम्हाला हायसं वाटलं की वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नाही. सूनबाईंना नमस्कार सांगा. त्यांच्याशी बोलायला लागा, आई. घरात खरं बोलणारं एक तरी माणूस लागतं.

तुम्ही ते कपडे ठकीला देत होतात, निळा स्वेटरही. तिने काही घेतलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी तिच्या शेजारी. सगळ्या वाटेत बोलली नाही. मीही पोरीला बोलतं करायचा खटाटोप केला नाही.

इथे आल्यावर पहिले दिवस तसेच गेले. सांगितलं की जेवायची, सांगितलं की निजायची. गुंड्या तिच्याभोवती घोटाळायचा, तर त्याला खेळणी द्यायची, पाहुण्यांच्या मुलाला द्यावी तशी. काल शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि दोन्ही खोल्यांतून फिरली. पडद्यामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, माझ्या मशीनमागे बघितलं. इथे शिरायला जागाच नाही. मग खोलीच्या मध्यावर येऊन उभी राहिली आणि तिने मला विचारलं की आई कुठे गेली.

मला एकदम उमगलं की आजवर तिला सगळ्यांनी हेच सांगितलंय, गेली. मामांनी, तुम्ही, ह्यांनी, मीसुद्धा. गेली म्हणजे काय ते दहा वर्षांच्या मुलीला कळत नाही असं नाही. पण गेलेलं माणूस येतं, आई. निदान ते यायची वाट बघता येते. मी मशीन थांबवलं, तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं की तुझी आई मेली. आजारी होती, डॉक्टरांना जमलं नाही, आणि ती मेली. जुन्या घरातल्या कपाटात ती नव्हती, या घरात ती येणार नाही, आणि तू कितीही तिच्यासारखी झालीस तरी ती तू होणार नाहीस. ती मेली यात तुझं काही चुकलं नाही, माझंही नाही. एवढा कडू शब्द मी आयुष्यात कुणा लहानापुढे काढला नव्हता.

तिने मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. मी हलले नाही. मारता-मारता ती रडायला लागली. आई, असं रडणं मी ऐकलं नव्हतं. लहान बाळ रडतं तसं नव्हे, मोठी माणसं रडतात तसंही नव्हे. हे पाळीवरून येत होते, त्यांना जिन्यातच ऐकू आलं. वर आले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवेना. पायरीवरच बसले, तोंड भिंतीकडे करून. गुंड्या जाऊन त्यांच्या मांडीवर बसला. मी ठकीला गप्प हो म्हटलं नाही. पुरे म्हटलं नाही. माझ्या कुशीत ती आली असंही नाही. माझ्याजवळ जमिनीवर पडून रडत होती, आणि तिचा एक हात माझ्या पायावर पडला होता, तो मी तसाच राहू दिला.

खालच्या मजल्यावरच्या बाई घाबरून वर आल्या. पोर का रडतेय म्हणून विचारलं. मी सांगितलं, तिची आई वारली. त्यांनी तोंडावर हात ठेवला. कधी, म्हणाल्या.

मी म्हटलं, आज.

आपली,
ठकीच्या घरची